पेंढा, पाचट, पऱ्हाटीतील साखर : आम्ल पूर्वप्रक्रिया कशी चालते आणि काड विकताना काय पाहावे

पेंढ्यात साखर असते असे कोणी सांगितले तर पटकन पटत नाही. काडी कितीही चघळली तरी गोड लागत नाही. पण वाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग साखरेच्याच लांब साखळ्यांचा असतो. गाय, शेळी आणि वाळवी या साखळ्या तोडू शकतात, म्हणून काड खाऊन जगतात. आपल्या पोटाला ते जमत नाही. कारखान्याला ते जमवायचे असेल तर आधी काडी 'उघडावी' लागते. या उघडण्यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात आणि तिचा सर्वांत जुना, सर्वांत तपासलेला मार्ग म्हणजे आम्ल.

हे शेतकऱ्याने का समजून घ्यायचे? काडापासून इथेनॉल, म्हणजे ज्याला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात ते बनवणारे प्रकल्प देशात उभे राहू लागले आहेत. उद्या कोणी तुमच्या बांधावर येऊन पऱ्हाटी किंवा पाचट मागेल, टनामागे भाव सांगेल. तो माल कशासाठी घेतो, त्याला कोणता माल हवा, कोणता नको, आणि शेतातून काड गेल्यावर तुमचे काय जाते, हे माहीत नसेल तर भाव ठरवणारा तो एकटाच असेल.

काडीच्या आत काय असते

तुराट्यांचा कूड आठवा. उभ्या काठ्या, त्यांना आडव्या बांधणाऱ्या कामट्या आणि दोऱ्या, आणि वरून शेणमातीचे लिंपण. वनस्पतीच्या पेशीची भिंत जवळजवळ अशीच असते. उभ्या काठ्या म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागे एक जोडून झालेली ही सरळ साखळी. अशा अनेक साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, इतक्या की मध्ये पाणीही सहज शिरत नाही. बांधणी म्हणजे हेमिसेल्युलोज. हीसुद्धा साखरेचीच, पण आखूड, फांद्या फुटलेली आणि सैल. तिच्यात मुख्यतः झायलोज नावाची साखर असते. लिंपण म्हणजे लिग्निन. त्यात साखर नाही. काडीला कडकपणा देणे आणि बुरशी, जिवाणू यांना आत येऊ न देणे हे त्याचे काम.

भाताच्या पेंढ्यात सेल्युलोज साधारण ३२ ते ४० टक्के, हेमिसेल्युलोज २० ते २८ टक्के आणि लिग्निन १० ते १८ टक्के असते. उसाच्या चिपाडात सेल्युलोज ४० टक्क्यांच्या पुढे आणि लिग्निन २० टक्क्यांच्या आसपास. पऱ्हाटी तर जवळपास लाकूडच. तिच्यात लिग्निन अधिक, म्हणून तिला उघडायला जास्त ताकद लागते. भाताच्या पेंढ्याची वेगळीच अडचण आहे. त्यात सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचा पदार्थ, भरपूर असतो. कापणीला विळ्याची धार लवकर जाते ती यामुळेच, आणि कारखान्यातील कटर व पंप झिजतात तेही यामुळेच.

या कुडावर थेट विकरे, म्हणजे एन्झाइम सोडली तर ती लिंपणावरच अडकतात. पूर्वप्रक्रिया न केलेल्या काडातून दोन-तीन दिवस ठेवूनही पाचव्या हिश्श्याइतकी साखर मिळणे कठीण. नीट उघडलेल्या काडातून त्याच विकरांनी ८० टक्क्यांवर साखर सुटते. सगळा खटाटोप या फरकासाठी आहे.

आम्ल नेमके काय करते

काड बारीक करून त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे पाण्यात अर्धा ते दोन टक्के, मुरवतात. मग बंद पात्रात वाफेच्या दाबाखाली ते साधारण १४० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आतले तापमान १२० अंशांच्या जवळ असते. १८० अंशांना वाफेचा दाब हवेच्या सुमारे दहापट होतो. त्यात आम्ल. म्हणजे हे पात्र किती मजबूत आणि न गंजणाऱ्या धातूचे लागत असेल याचा अंदाज येईल. साधे लोखंड तर सोडाच, नेहमीचे स्टेनलेस स्टीलही तिथे फार काळ टिकत नाही. निकेलयुक्त महागडे मिश्रधातू वापरावे लागतात. काड-इथेनॉलचा प्रकल्प महाग का, याच्या अनेक उत्तरांपैकी हे एक.

आत काही मिनिटांत जे घडते ते असे. आम्ल सर्वांत आधी सैल बांधणीवर, म्हणजे हेमिसेल्युलोजवर जाते. साखळीचा एकेक सांधा तुटतो, तुटलेल्या सांध्यात पाण्याचा रेणू बसतो आणि झायलोज पाण्यात सुटी होते. बांधणी गेली की लिंपणही ढिले पडते. लिग्निन वितळून गोळे होऊन बाजूला सरकते. काठ्या मात्र बहुतांशी उभ्याच राहतात, पण आता उघड्या. बाहेर येतो तो तपकिरी, ओला, आंबूस वासाचा लगदा. गोड पाणी झायलोजचे, आणि घन भागात सेल्युलोज व लिग्निन.

मग आम्लाची मात्रा किंवा तापमान वाढवून सेल्युलोजही तिथेच का तोडत नाहीत? पूर्वी तेच करत. फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली सल्फ्युरिक आम्लाने कापडाच्या चिंध्यांपासून साखर केली होती. विसाव्या शतकात जर्मनीत लाकडावर सौम्य आम्ल पुन्हापुन्हा सोडून साखर काढण्याची शोलर पद्धत निघाली आणि सोव्हिएत संघात लाकडापासून अल्कोहोल व यीस्ट तयार करणारा मोठा उद्योगच उभा राहिला. युद्धकाळात किंवा टंचाईत हे परवडले. खुल्या बाजारात परवडले नाही, कारण त्यात बरीच साखर हाती लागण्याआधीच नासते.

गूळ करपतो तसे

गुऱ्हाळावर उभे राहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कढईतला पाक तयार व्हायच्या शेवटच्या टप्प्यात गुळव्याची नजर हटली की गूळ करपतो. काहिलीखालचा जाळ दोन मिनिटे आधी ओढला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटे उशिरा ओढला तर काळा, कडवट. आम्लाच्या पात्रातही असेच दोन शर्यतीचे बैल एकाच वेळी धावत असतात. एक साखर सोडवत असतो, दुसरा सुटलेली साखर जाळत असतो.

झायलोज जास्त वेळ तापली की तिचे फरफ्युराल होते. ग्लुकोजचे त्याच कुळातले दुसरे संयुग होते आणि आणखी पुढे जाऊन फॉर्मिक व लेव्ह्युलिनिक आम्ले. शिवाय हेमिसेल्युलोजला चिकटलेले अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले, तेही सुटे होते. साखर गेली हा एक तोटा. त्याहून मोठा तोटा असा की हे पदार्थ यीस्टला मारक असतात. लिटरमागे एक-दोन ग्रॅम फरफ्युरालसुद्धा यीस्टचा वेग मंदावायला पुरते.

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढवले तर तितक्याच परिणामाला वेळ साधारण निम्मा लागतो. म्हणजे १६० अंशांना १० मिनिटे लागत असतील तर १७० ला ५ मिनिटे. अमेरिकेच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने मक्याच्या ताटांसाठी २०११ साली मांडलेल्या आराखड्यात १५८ अंश आणि केवळ ५ मिनिटे धरली होती, आणि आम्ल प्रति टन कोरड्या काडामागे १८ किलो. एवढ्या थोड्या वेळात टनावारी काडाच्या आतपर्यंत उष्णता आणि आम्ल सारखे पोचले पाहिजे. एखादी पेंढी जाड राहिली तर तिचा गाभा कच्चा आणि बाहेरचा भाग करपलेला, भाकरीसारखे. म्हणूनच प्रकल्पवाले काडाच्या तुकड्यांच्या आकाराबद्दल आणि ओलाव्याबद्दल इतके काटेकोर असतात. त्यात त्यांचा उगाच तोरा नसतो.

फरफ्युरालबद्दल एक आडवी गोष्ट सांगायला हवी. इथेनॉलवाल्याला नको असलेला हा पदार्थ रसायन उद्योगाला हवा असतो. रेझिन आणि द्रावके करण्यासाठी तो लागतो. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ओटच्या टरफलांवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून तो विकायला सुरुवात केली. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या बुरकुंड्यांत हेमिसेल्युलोज भरपूर, म्हणून फरफ्युरालसाठी ती उत्तम कच्चा माल. मका पिकवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बुरकुंड्यांचा गिऱ्हाईक इंधनवालाच असेल असे नाही.

चुना, बुरशी आणि यीस्ट

आम्लातून आलेला लगदा आधी निवळावा लागतो. चुना टाकून सामू पाचच्या आसपास आणतात. इथे एक छोटा हिशोब करून पाहा. एक टन कोरड्या काडासोबत चार टन पाणी आणि त्यात एक टक्का आम्ल धरले तर आम्ल झाले ४० किलो. ते पूर्ण मारायला सुमारे ३० किलो विझवलेला चुना लागतो आणि त्यातून जवळपास ७० किलो जिप्सम तयार होते. हे जिप्सम कुठे टाकायचे हा प्रकल्पापुढचा रोजचा प्रश्न. चुन्याऐवजी अमोनिया वापरला तर जिप्समची कटकट टळते, पण खर्च वाढतो.

गंमत म्हणजे काड स्वतःही थोडे आम्ल खाते. त्यातील पालाश, कॅल्शियम आणि चिकटलेली माती आम्लाला निष्प्रभ करतात. मातीने भरलेले काड आले की आम्ल जास्त घालावे लागते, चुना जास्त लागतो, यंत्रे झिजतात. रोटरी रेकने शेताची धूळ ओढून बांधलेल्या गाठीला कमी भाव का, याचे उत्तर इथे आहे.

पुढचा टप्पा विकरांचा. उघड्या पडलेल्या सेल्युलोजवर सेल्युलेज विकरे सोडून ५० अंशांना दोन-तीन दिवस ठेवतात. ही विकरे देणारी मुख्य बुरशी ट्रायकोडर्मा रीसाय. नाव ओळखीचे वाटले ना? मर रोगासाठी बियाण्याला तुम्ही जी ट्रायकोडर्मा चोळता तिचीच ही चुलत बहीण. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजून जात होते. कुजवणारी बुरशी शोधून काढली ती हीच. सैन्याला तिचा बंदोबस्त करायचा होता. नंतरच्या शास्त्रज्ञांनी तिला कामाला लावले. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नाव पडले.

विकरांनी ग्लुकोज सुटली की यीस्ट तिचे अल्कोहोल करते, मळीपासून करते तसेच. अडचण झायलोजची आहे. आसवनीत वापरले जाणारे नेहमीचे यीस्ट झायलोज खातच नाही. त्यासाठी वेगळी जातीची किंवा जनुकीय बदल केलेली यीस्ट लागते, आणि तीही फरफ्युराल व अॅसिटिक आम्ल सहन करणारी. काडातील जवळपास चाळीस टक्के साखर झायलोजच्या रूपात असते, त्यामुळे ती वाया गेली की सगळे गणित बिघडते. शेवटी उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून प्रकल्पाला लागणारी वाफ मिळते. लिंपणाचाही असा उपयोग होतो.

एका टनाचा हिशोब

समजा एक टन पूर्ण कोरड्या पेंढ्यात ३६० किलो सेल्युलोज आणि २२० किलो हेमिसेल्युलोज आहे. साखळी तुटताना पाणी जोडले जाते म्हणून वजन वाढते. ३६० किलोचे ४०० किलो ग्लुकोज होते आणि २२० चे २५० किलो झायलोज. यीस्ट साखरेच्या वजनाच्या जास्तीत जास्त ५१ टक्के अल्कोहोल देऊ शकते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ग्लुकोजपासून सुमारे २६० लिटर आणि झायलोजपासून १६० लिटर, एकूण ४२० लिटर. हा झाला कागदावरचा आकडा, ज्याच्या वर जाणे कोणालाही शक्य नाही.

प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्याला गळती आहे. पूर्वप्रक्रियेत १० टक्के गेले, विकरांनी २० टक्के सोडले नाही, यीस्टने १० टक्के घालवले, एवढ्यातच हातात ६५ टक्के उरतात. झायलोज पूर्ण वापरता आली नाही तर आणखी कमी. शिवाय तुमच्या टनात १० ते १५ टक्के पाणीच असते.

आता खरा आकडा पाहा. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील प्रकल्पाचे लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा वापरून ३ कोटी लिटर इथेनॉल करण्याचे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. भागाकार केला तर टनाला १५० लिटर. कोणी तुम्हाला टनाला चारशे लिटरचा हिशोब दाखवून भागीदारीचे पैसे मागत असेल तर हा १५० चा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

या प्रकल्पाचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनेही स्वतःचे तंत्र विकसित केले आणि त्यावरचा रोज १० टन काड वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडमधील काशीपूर येथे सुरू झाला. म्हणजे डोके महाराष्ट्राचे कमी पडले नाही. अडचण काडाच्या वाहतुकीची आणि साठवणीची आहे, आणि ती जगभर आहे. अमेरिकेत कान्सास राज्यातील ह्यूगोटनचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी थांबला. आयोवा राज्यातील ड्यूपाँटचा प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. इटलीतील क्रेशेंतिनोचाही प्रकल्प २०१७ मध्ये बंद पडला, तो पुढे दुसऱ्या कंपनीने घेतला. प्रत्येकाची कारणे वेगळी आहेत. पण प्रयोगशाळेत जे जमते ते गाठींच्या डोंगरावर रोज जमवणे वेगळे, हे सगळीकडे दिसले. पानिपतच्या २ लाख टनांसाठी एकरी दोन टन पेंढा धरला तरी एक लाख एकरांवरचा माल काही आठवड्यांच्या हंगामात गोळा करून वर्षभर कोरडा ठेवावा लागतो.

विकायचे की ठेवायचे

याचे एक उत्तर सगळ्या पिकांना लागू नाही, आणि जो तसे सांगतो त्याचे ऐकू नका.

उसाचे पाचट आमच्या मते खोडव्यात ठेवावे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र साधारण ०.५ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून सरीत दाबले तर ते जागेवर कुजते, पाण्याची पाळी लांबते, तण दबते. सेंद्रिय कर्ब घसरलेल्या जमिनीतून दरवर्षी दहा टन पाचट ट्रकवर चढवणे म्हणजे आपल्याच घराचे पत्रे विकणे. पाचट जाळणाऱ्याने मात्र जाळण्यापेक्षा विकलेले केव्हाही बरे. लागवडीचा ऊस मोडून दुसरे पीक लगेच घ्यायचे असेल, आच्छादनाला जागाच नसेल, तेव्हा थोडा भाग विकायला हरकत नाही.

पऱ्हाटीचे उलटे आहे. ती लवकर कुजत नाही आणि शेतात किंवा बांधावर रचून ठेवली तर तिच्यावरच्या न फुटलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवायचे, फरदड घ्यायची नाही आणि पऱ्हाटी शेताबाहेर काढायची किंवा श्रेडरने बारीक करायची, ही शिफारस त्यामुळेच आहे. गिऱ्हाईक असेल तर पऱ्हाटी विका. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट करण्यावर बरेच काम केले आहे, त्यामुळे इथेनॉल प्रकल्प जवळ नसला तरी ब्रिकेटवाला सापडू शकतो. पण सौद्यात एक गोष्ट पक्की करा : माल उचलायची तारीख. गाडीची वाट पाहत पऱ्हाटीचे ढीग मे-जूनपर्यंत बांधावर राहिले तर पैसे मिळण्याआधी अळी मिळेल. उशीर होणार असेल तर आधी बोंडे वेचून नष्ट करा आणि शक्य असेल तर तिथेच चिप्स करून घ्या.

भाताचा पेंढा कोकणात आणि भंडारा-गोंदियात आधी गोठ्याकडे जातो, कोकणात आंब्याच्या पेटीतही. जनावरे असतील तर चाऱ्याची वर्षाची गरज आधी बाजूला काढा, उरलेलेच मोजा. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीन, हरभऱ्याचे कुटार यांना चाऱ्याचा भाव बहुतेक वर्षी प्रकल्पाच्या भावापेक्षा चांगला असेल. दुष्काळी वर्षी तर प्रश्नच नाही. चिपाड कारखान्याच्या बॉयलरला आणि सहवीजनिर्मितीला लागते, ते तुमच्या हातात नसतेच.

पेंढा विकला तर जमिनीतून काय गेले? टनभर भाताच्या पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १५ किलोच्या आसपास पालाश असते. म्हणजे सुमारे १३ किलो युरिया आणि २५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, अर्धी गोणी. कृषी सेवा केंद्राच्या पावतीवरचा आजचा भाव लावा आणि ही रक्कम टनाच्या भावातून वजा करा. कापणी, गाठी बांधणे आणि वाहतूक कोण करणार त्याचा खर्चही वजा करा. उरते ते तुमचे. अनेकदा हा आकडा इतका लहान निघतो की निर्णय आपोआप होतो.

सौदा ओल्या वजनावर की कोरड्या वजनावर, हे आधी विचारा. १० टन माल १५ टक्के ओलाव्याचा असेल तर त्यात कोरडे काड साडेआठ टन; ३० टक्के ओलाव्याचा असेल तर सातच टन. प्रकल्पाला साखर कोरड्या काडातून मिळते, म्हणून तो ओलावा मोजणारच. मोजमाप तुमच्यासमोर व्हावे आणि कपातीचा दर आधी लिहून घ्यावा. पावसात भिजलेल्या, काळ्या पडलेल्या गाठीतली साखर बुरशीने आधीच खाल्लेली असते. तिचा भाव पडला तर वाद घालण्यात अर्थ नाही. मोकळे काड ट्रकभर भरले तरी वजन भरत नाही, त्यामुळे बेलर जवळ नसेल आणि प्रकल्प पन्नास-साठ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर डिझेलच माल खाते.

ड्रममध्ये आम्ल ओतून घरी करता येईल का?

नाही, आणि करून पाहू नका. बॅटरीचे आम्ल, पत्र्याचा ड्रम आणि खाली जाळ असा प्रयोग कोणी मोबाइलवर दाखवला तरी तो अपघाताला आमंत्रण आहे. उघड्या ड्रमात तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे काड धड उघडत नाही. ड्रम बंद केला तर त्याचा बॉम्ब होतो. आम्लाचा पातळ लगदा शेतात ओतला तर जमीन आणि विहीर दोन्ही बिघडतात. शिवाय परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे, मग ते काडापासून असो की मोहापासून. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना एक टक्का आम्लाने हा प्रयोग करून बेनेडिक्ट चाचणीने साखर पाहता येते. तिथेही आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचे, पाणी आम्लात कधीच ओतायचे नाही.

काडी उघडण्याचे शास्त्र घरच्या गोठ्यात वापरायचेच असेल तर त्याचा सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे. तो आम्लाचा नाही, अल्कलीचा आहे : पेंढा किंवा गव्हाच्या काडावर युरिया प्रक्रिया. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून, प्लॅस्टिकने हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचे. युरियाचा अमोनिया होतो, तो लिंपण ढिले करतो, आणि उरलेले काम गायीच्या पोटातले जिवाणू करतात. कारखान्याची विकरे म्हणजे शेवटी त्याच कामाची नक्कल. ढीग उघडल्यावर काही तास हवा लागू द्यावी, अमोनियाचा वास ओसरल्यावरच थोड्या प्रमाणात सुरुवात करून हळूहळू वाढवावे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागेल असे गोठ्यात कधीही ठेवू नये. पहिल्या वेळी प्रमाण आणि पाणी ठरवताना जवळच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घ्या.